सहा बोटींचा करार

बेटावरून, २२ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीण,

बोट आली आहे. तिच्या नळीतून आमच्या टाकीत डिझेल भरायला पाच तास लागतात. तेवढ्या वेळात हे पत्र लिहून खलाशाच्या हातात द्यायचं आहे. पुढचं पत्र पुढच्या बोटीनं, मध्ये काही नाही. रेडिओ आहे, पण त्यावर दोनच गोष्टी जातात : हवा कशी आहे आणि टाकीत डिझेल किती आहे. घरचं एक अक्षर बोललं तर रेडिओवाल्याची नोकरी जाते, आणि तो नोकरीला फार जपून आहे.

आम्ही चौघं. रेडिओवाला, हवा मोजणारा, स्वयंपाकी आणि इंजिनवाला मी. बेट कसलं, खडक आहे. त्यावर जहाजांना दाखवायचा दिवा, तीन खोल्या आणि इंजिनघर. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चारशे बारा पावलं. पहिल्या आठवड्यात मला त्याची गंमत वाटली होती. आता मोजायचं सोडलं, तरी पाय आपले मोजतातच.

इंजिनाची दशा मात्र तू बघायला हवी होतीस. मोठं सहा सिलिंडरचं, धाकटं दोनाचं. मोठं रात्रंदिवस चालतं, काळा धूर ओकतं आणि तासाला आठ लिटर पितं. आधीच्या इंजिनवाल्यानं पंपावर चिठ्ठी डकवून ठेवली आहे, ‘चालतंय. हात लावू नये.’ धक्क्यावर भेटला तेव्हाही एवढंच म्हणाला आणि टुणकन बोटीत चढला. इतका आळशी माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुझ्या आप्पांच्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं काढलेल्या माणसाला हात लावू नये म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची.

तू दिवस मोजत बसू नकोस. करारात महिने लिहिलेलेच नाहीत, बोटी लिहिल्या आहेत. सहा बोटी झाल्या की सहाव्या बोटीनं घरी, आणि हातात मोठ्या इंजिनांचं लायसन्स. टाकीतल्या मोजकाठीवर डिझेल लाल खुणेखाली आलं की रेडिओवाला कळवतो आणि बोट निघते, साधारण सहा आठवड्यांनी एक. आज पहिली झाली. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत मी दारात उभा.

इंजिनाच्या पाटीवरचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. ह्याचं काय करू ते सांग. आप्पांनाही विचार.

तुझा,
काजळ्या

*

दुकान, १० मार्च

प्रिय काजळ्या,

(आईसमोर ‘अहो’ म्हणते. पत्रात कोण बघतंय?)

काळा धूर म्हणजे एक तर हवा कमी पडतेय, नाहीतर डिझेल फवारणारी नोझल गळताहेत. हे सांगायला मी कशाला हवी? सहा वर्षं दुकानात माशा मारल्यास का? आधी एअर फिल्टर उघडून बघ. मग झडपांचे टॅपेट. डिझेल सुटायचं टायमिंग नक्की मागे पडलं असणार, ते दोन अंश पुढे घे, पण दोनच. तुझा हात सढळ आहे, तीन करशील आणि इंजिन ठोकायला लागेल.

सोबतच्या खोक्यात सहा नोझल आहेत. तपासायच्या बेंचवर एकेक लावून फवारा बघितला आहे. सहाही एकाच प्रेशरला उघडतात, थेंब गळत नाही. आप्पांचे हात आता फार थरथरतात, त्यामुळे बेंच माझ्याकडेच आहे. ते शेजारी स्टूल टाकून बसतात आणि नुसत्या आवाजावरून चुका काढतात. आणि एक. दिवसा मोठं इंजिन बंद ठेव. चार पंखे आणि एका रेडिओसाठी ते धुडं चालवायचं, म्हणजे एकट्या माणसासाठी लग्नाचं पातेलं चढवायचं. दिवसभर धाकटं पुरेल.

आता उभा असशील तर बस. मला दिवस गेले आहेत. तू गेल्यावर दोन आठवडे मी म्हणत होते की डिझेलच्या वासानं मळमळतंय. आई म्हणाली, ‘अगं, जन्म गेला तुझा त्या वासात.’ मग डॉक्टरणीकडे गेलो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा सांगितला आहे. मी बोटं मोजली. तू सप्टेंबरच्या शेवटी येणार, म्हणजे एक आठवडा आधी. काठावर पास होतोयस, पण होतोयस.

लग्नाला चार महिने झाले आणि तू गेलास. मी कोणाला दाखवत नाही, पण तू हवा आहेस मला. त्या वेळी तर नक्कीच.

तुझी,
मास्तरीण

*

बेटावरून, १३ एप्रिल

प्रिय मास्तरीण,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मग हवा मोजणाऱ्याला सांगितलं, मग रेडिओवाल्याला, मग कोणी उरलं नाही म्हणून धाकट्या इंजिनाला. स्वयंपाक्यालाही सांगितलं असतं, पण तो हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. शेवटचा आठवडाभर खिडकीत बसून नुसता समुद्राकडे बघत होता. माझ्या कामाचं कौतुक झालेलं त्याला सोसत नसावं.

कौतुक कसलं, ते ऐक. एअर फिल्टर मी तुझ्या पत्राआधीच उघडला होता. आत पक्ष्यांची पिसं, इतकी की एक उशी भरली असती. ती काढली, टॅपेट लावले, बस. तर टाकी त्रेचाळीस दिवसांऐवजी पन्नास दिवस पुरली. तासाला आठचं सात झालं. आणि ही तर सुरुवात आहे. तुझी नोझल आजच बसवतो. टायमिंग दोन अंश, आईशप्पथ दोनच.

सहातल्या दोन बोटी झाल्या, चार राहिल्या. तू जड उचलू नकोस. पंप बेंचवर चढवायला गिऱ्हाइकालाच सांगत जा.

नळी काढताहेत. थांबतो.

काजळ्या

*

दुकान, १६ जून

काजळ्या,

मे संपला, बोट नाही. जून उजाडला, बोट नाही. तुझं पत्र मेच्या शेवटी यायला हवं होतं. आई म्हणाली समुद्र खराब असेल. शेवटी काल मीच उठले आणि धक्क्यावरच्या कचेरीत गेले. सहाव्या महिन्यात दोन जिने चढले, त्याबद्दल तू आल्यावर ओरड.

कारकून चहा पीत होता. म्हणाला, “घाबरू नका बाई. बेट ठणठणीत आहे. त्यांचं डिझेलच संपत नाहीये. कोणी हुशार इंजिनवाला गेलाय म्हणे तिथं.”

मी हसले. खरंच, अभिमानानं हसले. ‘तो आमचाच’ असंही म्हणाले. मग जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर माझा पाय थांबला, आणि मी कठड्याला धरून तिथेच बसले.

डिझेल संपलं तरच बोट. सहा बोटी झाल्या तरच तू. आणि आपण दोघं मिळून डिझेल संपू देत नाही आहोत. मी इथे एकेका नोझलला तासतास घालून तुझी कैद लांबवली, आणि वर खोक्यात कापूस भरून पाठवली. इतकी कशी मी आंधळी? तुझ्या पहिल्या पत्रात सगळं सरळ लिहिलेलं होतं. पण इंजिन सुधारायचं म्हटलं की आपल्या घरात दुसरं काही दिसतच नाही.

आता नीट वाच. जुनी नोझल टाकून दिली नसशील. ती परत बसव. टायमिंग चार अंश मागे घे. फिल्टरला ओलं फडकं गुंडाळ. मोठं इंजिन रात्रंदिवस चालव आणि असतील नसतील ते दिवे दिवसाही लाव. चाळीस दिवसांत टाकी संपव, मग पुढची बोट ऑगस्टच्या आरंभी येईल. तरी तू बाळंतपणापर्यंत पोचणार नाहीस हे मला कळतं. पण ऑक्टोबरच्या शेवटी पोच, नोव्हेंबरला पोच.

हे आप्पांना सांगितलं. त्यांनी स्टूल बेंचपासून मागे सरकवलं. मग म्हणाले, ‘चांगलं इंजिन बिघडवायचा सल्ला ह्या दुकानातून आजवर गेलेला नाही. लिहायचं तर लिही, मला वाचून दाखवू नकोस.’

नाही दाखवलं.

तुझी

*

बेटावरून, २२ जून

प्रिय मास्तरीण,

तुझं पत्र हातात आहे. तू जिन्यावर जे ओळखलंस, ते मला चार दिवसांपूर्वी स्वयंपाक्यानं सांगितलं. डिझेल काठीवरच्या लाल खुणेला टेकलं, रेडिओवाल्यानं बोट मागवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वयंपाकी माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, “इथं सगळे बोटींच्या करारावरच आहेत. मी, तो, हा. तू एकटा नाहीस. तुझ्या आधी चार इंजिनवाले झाले, चौघंही कारागीर होते. एकानंही त्या इंजिनाला हात लावला नाही. का, असा विचार तरी करायचास.”

ती चिठ्ठी आळशी माणसानं लिहिलेली नव्हती, मास्तरीण. मीच शहाणा.

तू विचारशील, सत्तर दिवस तुला कळलं कसं नाही? सत्तर दिवस चालली टाकी. तासाला पाच लिटर. रोज सकाळी काठी बुडवायचो, कालच्यापेक्षा केसभर खाली गेलेली बघायचो, आणि हा आकडा तुला कधी कळवतो असं होऊन जायचं. कॅलेंडर त्याच भिंतीवर टांगलेलं होतं.

आता तुझ्या उपायाचं. मीही तेच ठरवलं होतं, जुनी नोझल पुसून ठेवली होती. पण आजच्या बोटीतून कचेरीतला मोठा साहेब उतरला. पांढरे बूट घालून. त्यानं इंजिनघर पाहिलं, रजिस्टर पाहिलं, माझा हात हातात घेतला आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. मग म्हणाला, “सत्तर दिवस पुरतं हे सिद्ध झालं. ह्यापुढे बोट मागवायची नाही. दर सत्तर दिवसांनी आपोआप येईल.” म्हणजे पुढची एकतीस ऑगस्टला, मग नऊ नोव्हेंबर, मग अठरा जानेवारी. मी इंजिन बिघडवलं तर टाकी चाळीस दिवसांत संपेल आणि बोट तरीही सत्तराव्याच दिवशी येईल. मधले तीस दिवस दिवा बंद, रेडिओ बंद, पाण्याचा पंप बंद. आता हे इंजिन मला सुधारलेलंच ठेवावं लागणार.

मी साहेबाला म्हटलं, आमचं नऊ महिन्यांचं बोलणं होतं. तो म्हणाला, करारात महिना हा शब्दच नाही. खरंच नाही. मी म्हटलं, घरी बाळ व्हायचं आहे. तर म्हणाला, अभिनंदन. मधेच निघालो तर लायसन्स जन्मात मिळणार नाही, आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय बोटवाला मला घेणारही नाही. एवढंच म्हणाला, की सत्तर दिवस टिकवू शकेल असा माणूस तुम्ही मिळवून दिलात, तर तो उतरेल त्या बोटीनं तुम्ही जा, लायसन्ससकट. असा माणूस कुठून आणू? मला एकच माहीत आहे, आणि तिला सहावा महिना चालू आहे.

जेवताना माझ्या ताटात भांड्याच्या तळाचा करपलेला थर येतो. मी तो खातो. प्रशस्तिपत्र स्वयंपाक्यानं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आहे. टेबल आता हलत नाही.

मला इथे श्वास पुरत नाही. चारही बाजूंना उघडा समुद्र आहे, आणि तरी पुरत नाही.

काजळ्या

*

दुकान, २८ ऑगस्ट

प्रिय काजळ्या,

हे पत्र आणणारा माणूस तुझ्या जागी आला आहे. तुझं सामान बांध.

ट्रॅक्टरवाला आठवतो? पंप घेऊन यायचा, आणि आपण चहा दिला की कप स्वतः विसळून ठेवायचा, तो. चाळिशीचा आहे, हात हलका आहे, पण मोठ्या इंजिनाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. मी दोन महिने रोज शिकवलं. पाय सुजतात म्हणून ते खोक्यावर ठेवून बसायचे आणि तो बेंचवर. नोझल कसं घासायचं, पंपावर स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावून कसं ऐकायचं, टायमिंग कसं जुळवायचं. शेवटच्या आठवड्यात आप्पांनी डोळे मिटून त्याची परीक्षा घेतली आणि म्हणाले, ‘ठीक आहे.’ ते माझ्याबद्दल कधी ‘ठीक आहे’ म्हणालेले मला आठवत नाही. कचेरीतून साहेबाची चिठ्ठीही मिळाली. ती त्याच्याकडे आहे.

आता एक गोष्ट. त्यानं मला विचारलं होतं, ‘सहा बोटी म्हणजे किती दिवस, बाई?’ मी म्हणाले, ‘आमचे हे जानेवारीत गेले, आता येताहेत बघा.’ ह्यात एक अक्षर खोटं नाही. तो म्हणाला, म्हणजे आठ-नऊ महिने. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. ताटात भाजी वाढली.

तो तुलाही विचारेल. तू सांगू नकोस. मला माहीत आहे तू कसा आहेस, म्हणून आधीच सांगते. धक्क्यावर त्याच्याशी बोलूच नकोस. इंजिन दाखव, चिठ्ठी घे आणि बोटीत चढ. मी वाईट वागतेय हे मला कळतं. आप्पांच्या समोर दोन दिवस बसवत नाहीये मला. पण डॉक्टरीण म्हणते बाळ आडवं आहे. वळेल म्हणते, वळतात म्हणते. आई देवासमोर बसून राहते. मला फार भीती वाटते आहे, काजळ्या, आणि ती मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

ये.

तुझी

*

बेटावरून, ३१ ऑगस्ट

माझ्या मास्तरणीस,

दारात त्याला पाहिलंस तेव्हाच तुला सगळं कळलं असेल. त्याच्यावर रागावू नकोस. जे केलं ते मी केलं.

सामान बांधलेलं होतं. तुझं पत्र वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि ठरवलं की बोलायचं नाही. त्याला इंजिनघरात नेलं. त्यानं पंपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, कान लावला आणि म्हणाला, “तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट किंचित सैल आहे.” होता. तू त्याला फार चांगलं शिकवलं आहेस. हे इंजिन त्यानं शंभर दिवससुद्धा चालवलं असतं.

मग त्यानं विचारलं. मी त्याच्याकडे बघतही नव्हतो, टाकीची काठी पुसत होतो. म्हणाला, “नऊ महिनेच ना? पुढच्या जूनमध्ये धाकटीची शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी मीच सोडणार असं तिला कबूल केलंय. मोठ्या दोघींच्या वेळी जमलं नव्हतं.”

मी तोंड उघडलं ते ‘हो’ म्हणायलाच. तुझी शपथ. पण शब्द निघाला तो ‘चौदा’. चौदा महिने, म्हणालो, पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर संपेल. मग थांबता येईना, सगळं सांगितलं. तो डिझेलच्या पिंपावर बसला आणि बराच वेळ बोटं मोजत राहिला. मग म्हणाला, “बाईंनी मला दोन महिने जेवू घातलं. हे तेवढं नाही बोलल्या.” रागानं नाही म्हणाला. कप विसळून ठेवावा तसा स्क्रूड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला आणि आपली पेटी उचलली.

आजच्या बोटीनं स्वयंपाकी सुटला, त्याची सहावी. धक्क्यावर त्याला ट्रॅक्टरवाल्याकडून सगळं कळलं होतं. जाताना म्हणाला, “तुझी सुधारायची खोड काही जात नाही.” पण खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

मी मोठेपणा केला असं समजू नकोस. लिहिताना मला रडू येतं आहे, आणि तो अजून धक्क्यावर आहे तोवर त्याला हाक मारावी, सांगावं की माझी चूक झाली, नऊच महिने, असं चारदा मनात आलं. तू म्हणशील, परक्या माणसाच्या मुलीची शाळा तुला दिसली, आपलं बाळ नाही दिसलं. दिसलं गं. तेच दिसत होतं सारखं. तू दोन महिने सुजलेले पाय खोक्यावर ठेवून माझ्यासाठी दार उघडलंस आणि मी ते माझ्या हातानं लावून घेतलं. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव. मी त्याबद्दल काही मागत नाही.

आप्पांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. तू त्यांच्यासमोर बस आता.

मी अठरा जानेवारीला येईन. त्यात आता काही बदलणार नाही, लांबणार नाही आणि कमीही होणार नाही. बाळंतपण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि पुढची बोट नऊ नोव्हेंबरला. म्हणजे पाच आठवडे मी बाप झालेला असेन आणि मला ते माहीत नसेल. मी रोज काठी बुडवीन, आकडा लिहीन, चारशे बारा पावलं जाईन आणि परत येईन.

नऊ तारखेच्या पत्रात मुलगा की मुलगी हे पहिल्या ओळीत लिही. आणि तू कशी आहेस, ते त्याच्याही आधी.

काजळ्या